जर्मनच्या झाकणाचा अंगारा

सोमवारी दुपारी मी हिवरखेडहून आलेल्या ऑटोतून धामणखेडच्या फाट्यावर उतरले, तेव्हा अर्धं गाव भांडी घेऊन चाललं होतं. कोणाच्या हातात भात शिजवायचा चेपलेला गंज, कोणाच्या काखेत चहाची काळी पातेली, एका म्हाताऱ्याजवळ तर नुसती वरणाची पळी. सगळी भांडी जर्मनची. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. मला आधी वाटलं, मोडवाला आला असेल. पण मोडीला भांडी द्यायला कोणी कपाळावर गंध लावून निघत नाही.

घराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, "सारे कांदाचाळीत गेले. महाराजाचा वार आहे नं आज."

मी अकोटच्या कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. माझा मोठा भाऊ ओमप्रकाश धामणखेडला वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडू लावतो. आदल्या संध्याकाळी रूपाली वहिनीचा फोन आला होता. आवाज दबलेला. "ताई, रागिणीच्या तोंडात फोडं आले. जेवत नाही, शी लाल होऊन राहिली. तुमचे दादा दवाखान्याचं नावच काढू देत नाहीत. तुमी या." रागिणी माझी भाची, नऊ वर्षांची. तिला अधूनमधून झटके येत, त्यासाठी गोळ्या चालू होत्या. पोरगी गोळी घेऊन शाळेत जात होती, खेळत होती, चांगलं चाललं होतं. मग गावात तापनाथ महाराज आले.

कांदाचाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोर दोन खाटा जोडून त्यावर गादी, गादीवर भगव्या कफनीतला गुबगुबीत माणूस. हा तीन महिन्यांपूर्वी कुठून आला, आधी काय करत होता, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या गावात बियाणं विकणाऱ्याच्या चार पिढ्यांची चौकशी करतात. पण कफनी घातली की माणसाला गाव नसलं तरी चालतं.

महाराज बोलत होते. अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

"सोना राजा का. चाँदी सावकार की. पितळ देवळाची. आणि जर्मन? जर्मन गरिबाचं. देव येतो तर गरिबाच्या भांड्यात येतो. मैं कुछ देता नहीं, माई. भांडं तुझं, मूठ तुझी, पाप तुझं. मी फक्त अग्नीला हाक मारतो."

खरं सांगते, युक्ती बिनतोड होती. आमचे लोक इतके भोळे नाहीत. महाराजाने स्वतःच्या झोळीतून काही काढलं असतं तर निम्म्यांनी नाक मुरडलं असतं. पण इथे वस्तू ज्याच्या त्याच्या घरची. ज्या गंजात काल भात शिजला, त्यातच देव येणार होता.

सत्यभामाकाकी पुढे झाल्या. आमच्या शेजारच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी आणलेल्या पातेल्याच्या काठाची एक पट्टी गोवर्धन नावाच्या चेल्याने कात्रीने कापली. हा गोवर्धन पन्नाशीचा, मुका असल्यासारखा गप्प. त्याने पट्टी दगडावर घासली, तपकिरी बाटलीतल्या पाण्याने फडकं ओलं करून ती पुसली आणि चिमट्याने काकींच्या तळहातावर ठेवली. त्याच्या बोटांची कातडी सोललेली होती. महाराजांनी मात्र त्या फडक्याला एकदाही हात लावला नाही.

"मूठ बंद कर. पाप आठव."

काकींनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा बदलला. "तापलं," त्या म्हणाल्या. "चटका बसून राहिला वो माय." मूठ उघडली तर पट्टीवर करडी-पांढरी राख फुलली होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती आणखी वर येत होती. बायकांनी हात जोडले. एकजण मोबाइलवर चित्रीकरण करत होता.

"अग्नी शांत करो," महाराज म्हणाले. गोवर्धनने त्याच बाटलीतले चार थेंब राखेवर टाकले. काकींनी आधी बोटभर अंगारा गळ्यातल्या डोरल्याला लावला. अंगारा असो की हळदकुंकू, सवाष्ण बाई ते आधी आपल्या मंगळसूत्राला लावते, ही आमच्याकडची रीत. मग त्यांनी तळहात चाटून साफ केला. अंगारा सांडायचा नाही, धुवायचा नाही, हीसुद्धा रीत.

मी ती फुलणारी राख बघत राहिले. बी.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेत एकदा असंच काही दाखवलं होतं. आठवत होतं, पण नेमकं हाती लागत नव्हतं. तेवढ्यात ओमप्रकाशदादा उठला. कडेवर रागिणी.

मी तिला ओळखलंच नाही. डोळ्यांखाली सूज, ओठ फाटलेले, हनुवटीवर लाळ. नऊ वर्षांची मुलगी बापाच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. दादाच्या हातात आमच्याच घरातल्या दुधाच्या पातेल्याचं झाकण होतं, कडेकडेने कातरून कातरून अर्धं झालेलं.

मी गर्दीतून पुढे घुसले. "महाराज, आज स्टीलची वाटी चालते का?"

महाराज हसले. "लोखंडात शनी राहतो, बेटी."

"मग तांब्याचा गडवा?"

"तांबे में सूर्य."

"म्हणजे देवाले जर्मनशिवाय जमत नाही."

लोक कुजबुजले. माझी आई, माणिकबाई, मागून म्हणाली, "प्रणाली, इथं शहाणपणा नोको करू." तोवर रागिणीच्या हातातल्या पट्टीवर राख फुलली होती, वर थेंब पडले होते. रागिणीने हात तोंडाकडे नेला नाही. ती रडतही नव्हती. दादाने तिचं मनगट धरून वर नेलं आणि मी त्या हातावर चापट मारली. राख जमिनीवर पडली. मी तिथेच रांजणातल्या पाण्याने पोरीचा हात खसखसून धुतला.

"अग्नीचा अपमान," महाराज शांतपणे म्हणाले. "अब जो होगा, इस घर का होगा."

ही त्यांची खरी हुशारी. पोरगी बरी झाली तर महाराजांमुळे, मेली तर आत्यामुळे.

घरी आल्यावर दादा माझ्यावर ओरडला. तो एरवी ओरडत नाही. "तुले काय समजते? गोळ्या खाऊन पोरगी जन्मभर गोळ्याच खाईन. इथं पाप मुळातून निघून राहिलं."

"तिच्या तोंडातून रक्त येऊन राहिलं, दादा."

"लागू पडून राहिलं म्हणून. फवारा कडक असला तं पान करपते, पण अळी मरते. नरम औषधानं कधी अळी मेली का?"

हे त्याचं अडाणीपण नव्हतं. हा त्याचा रोजचा अनुभव होता. वांग्यावर अळी आली की आमच्याकडे तेच करतात. एका पंपाने भागलं नाही तर औषध वाढवायचं, वास उग्र आला की समाधान वाटतं. पहिल्या सोमवारी रागिणी म्हणाली की तोंड जळतं, म्हणून दादा खूश झाला. पुढच्या वेळी उलट्या झाल्या, म्हणून त्याने महाराजांना दुप्पट राख मागितली. वांग्याच्या झाडाला जे करायचं ते त्याने लेकीला केलं होतं.

रागिणी बाजेवर पडली होती. मी तिच्याजवळ बसले. "कसं लागते गं तोंडात?"

"तोंडात पैसा धरल्यावानी," ती म्हणाली. "आत्या, मले लघवीच येत नाही."

"कवापासून?"

"कालपासून."

रूपाली वहिनी तिचं तोंड पुसायला वाकली तेव्हा तिचं डोरलं पुढे आलं आणि मला दिसलं. सोन्याच्या दोन वाट्यांपैकी एक पांढरी पडली होती. पुसट नाही, कथलाच्या रंगाची.

"वहिनी, हे काय झालं?"

तिने पटकन पदराखाली लपवलं. "अंगारा लावला तवापासून. महाराज म्हणे, सोन्यानं घरचं पाप ओढून घेतलं."

तेव्हा मला सगळं आठवलं. प्रयोगशाळा, फुलणारी राख, आणि आमच्या सरांनी प्रयोगाआधी मुलींना अंगठ्या काढून ठेवायला सांगितलेलं. मी दादाला आत बोलावलं आणि ती वाटी त्याच्यासमोर धरली.

"सोनं कशानं पांढरं होते, कोणत्याही सोनाराले विचार. पाऱ्यानं. पाप रंग देत नाही, दादा. त्या बाटलीत पाऱ्याचं विष आहे आणि ते रागिणीच्या पोटात गेलं. तिची किडनी बंद पडून राहिली, म्हणून लघवी नाही."

"पण भांडं तं आपलंच होतं."

"भांडं आपलं. बाटली कोणाची?"

आई देवघरासमोर बसून पुटपुटत होती. वहिनीने मात्र डोरलं एकदा पाहिलं, पोरीला उचललं आणि अंगणातल्या भाजीच्या गाडीत जाऊन बसली. "तुमी गाडी चालवता, का मी पायी जाऊ?" ती दादाला म्हणाली. लग्नानंतर ती त्याच्याशी अशी कधी बोलली नव्हती. दादाने चावी काढली.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर अंकुर नावाचे तरुण गृहस्थ होते. त्यांनी रागिणीचं पोट, हिरड्या, पाय पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पोटात काय गेलं?"

दादा खाली बघत राहिला. अंगाऱ्याची गोष्ट डॉक्टरजवळ काढली तर तो उलटतो, असं महाराजांनी सगळ्यांना बजावलं होतं. अशा लोकांची ही अट ठरलेली असते. विष देणाऱ्याला डॉक्टरचीच भीती असते. मीच सांगितलं, "पाऱ्याचा क्षार. बहुतेक मर्क्युरिक क्लोराइड, जुने लोक रसकापूर म्हणतात. पाण्यातून, चार-पाच सोमवार."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "लहान मुलांना याची अगदी थोडी मात्राही भारी पडते," ते म्हणाले. "आतडी जळतात आणि किडनी बंद पडते. दोन आठवडे आधी आणली असती तर..." ते लगेच कामाला लागले. रक्त तपासायला पाठवलं, पारा अंगाबाहेर काढणारं इंजेक्शन नागपूरहून मागवलं, डायलिसिस सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात दादाने मला विचारलं, "मले समजेल असं सांग. मुठीत ते तापलं कसं?"

मी सांगितलं. जर्मनच्या भांड्यावर एक पातळ, न दिसणारी साय असते, हवेने तयार झालेली. तीच त्याला वाचवते, म्हणून आपली भांडी वर्षानुवर्षं टिकतात. दगडावर घासून वर रसकापुराचं पाणी लावलं की पारा त्या धातूत मुरतो आणि साय पुन्हा धरू देत नाही. मग उघडं पडलेलं जर्मन हवा आणि ओल यांच्या जोरावर भराभर गंजू लागतं. लोखंडाला गंज चढायला पावसाळा जातो, याला चार मिनिटं पुरतात. इतक्या वेगाने गंजताना ते तापतं, आणि राख म्हणजे त्याचाच गंज. तांबं, पितळ, स्टील यांच्या बाबतीत असं होत नाही, म्हणून शनी आणि सूर्य मधे आणावे लागतात. राखेत पारा उरतो, आणि वरून शांत करायला टाकलेले थेंब म्हणजे तर निव्वळ विष. रसकापूर विरघळला की साध्या पाण्यासारखा दिसतो, त्याला वास नसतो. पूर्वी जखमा धुवायला आणि उंदीर-ढेकूण मारायला वापरत. तो कातडीतूनही थोडाफार आत जातो, म्हणून गोवर्धनची बोटं सोललेली आणि महाराजांचे हात स्वच्छ.

दादाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे फडक्यानं पुसलं नसतं तं?"

"तं तुह्या मुठीत नुसती पट्टी राहिली असती."

तो पायरीवरून उठला. मग म्हणाला, "सोमवारी पुन्हा सारे लेकरं घेऊन जातीन."

पोलिसांना आम्ही कळवलं होतं. ते म्हणाले, चौकशी करतो. तोवर सोमवार आला. वहिनी दवाखान्यात थांबली आणि आम्ही दोघं धामणखेडला गेलो.

चाळीत गर्दी जास्त होती. महाराजांनी दादाला पाहून हात पसरले. "आया ना वापस? अग्नीची माफी माग."

"मागतो," दादा म्हणाला. "पण आज पट्टी मी माह्या हातानं घेतो." त्याने गंजाच्या काठाची एक पट्टी स्वतःच कापली, दगडावर घासली, आणि गोवर्धनने फडकं पुढे केलं तेव्हा हात मागे घेतला. "पुसू नका. तसंच राहू द्या. अग्नीले बोलवा."

महाराज म्हणाले, शुद्धी केल्याशिवाय अग्नी येत नाही. दादाने मूठ बंद केली आणि तसाच उभा राहिला. लोक आधी चिडले, मग बघत राहिले. महाराजांनी मंत्र वाढवला, आवाज वाढवला. दादाने मूठ उघडली. पट्टी जशीच्या तशी, थंड. त्याने ती पुढच्या माणसाच्या हातात दिली, त्याने पुढे दिली. पट्टी हातोहात फिरून परत आली.

मी म्हणाले, "आता हीच पट्टी त्या पाण्यानं पुसा." गोवर्धन हलला नाही. मीच चिमट्याने फडकं उचललं, पट्टी पुसली आणि हातात न घेता दगडावर ठेवली. मुठीची गरज नव्हती, पापाची नव्हती, मंत्राची तर नव्हतीच. लोक वाकून वाकून पाहत असताना दगडावरच राख फुलली.

"हे मंतरलेलं पाणी आहे," महाराज ओरडले. "शक्ती पाण्यात आहे."

सगळ्यांच्या पुढे बसलेल्या सत्यभामाकाकी हळूच उठल्या. आठवडाभर त्यांना हिरड्यांचा त्रास होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून दगडापर्यंतचं अंतर कापलं आणि महाराजांकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखरची विचारणा होती.

"मंग तुमी चाटा नं, महाराज."

"माझी जिव्हा व्रतात आहे, माई."

"आमी इतके दिवस चाटलं. माहा नातू चाटते. तुमी एक बोट चाटा, मी पुन्हा चाटतो."

महाराज गादीवरून उतरले आणि कफनी सावरत मागच्या दाराकडे निघाले. मागच्या दारात मात्र चार माणसं आधीच येऊन उभी होती. कोणी हात उगारला नाही, याचं श्रेय दादाला. तो म्हणाला, "मारू नका. बाटली सांभाळा. पोलिसांले ती लागन." बाटली तपासायला गेली. अहवालात मर्क्युरिक क्लोराइड निघालं. धामणखेडच्या अकरा जणांच्या रक्तात पारा सापडला, सत्यभामाकाकींच्या नातवाच्याही. तो वाचला, वेळेवर नेला म्हणून.

रागिणी वाचली नाही. त्या सोमवारनंतरच्या शुक्रवारी सकाळी ती गेली. आदल्या दिवशी ती शुद्धीवर होती आणि तिने आईला विचारलं होतं, झेंडू तोडायला कोण जाऊन राहिलं. इंजेक्शन आलं तेव्हा किडनीत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून तिच्या पोटात काय झालं असेल ते मला पायरी-पायरीने ठाऊक आहे, आणि ते माहीत नसतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

तेराव्याला एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हा महाराज लबाड निघाला, ताई. पण खरा कोणीतरी असन नं?" मला तिचा राग आला. मग मी तिला एवढंच सांगितलं की खऱ्याला तपासणीची भीती नसते. जो डॉक्टरचं नाव काढू देत नाही, स्वतः खात नाही आणि लेकरांना खाऊ घालतो, त्याच्या हातातलं काही तोंडात घालायचं नाही. तापणं, फुलणं, रंग बदलणं हा पदार्थांचा स्वभाव आहे. दिसलं ते खोटं नसतं, पण त्याचं कारण सांगणारा खोटा असू शकतो.

दादा आता आठवड्याच्या बाजारात पुन्हा दुकान लावतो. परवा मी त्याच्याजवळ बसले होते. अकोटकडचा एक माणूस वांगी घेत होता, बोलता बोलता म्हणाला, आमच्या गावात एक बाई आली आहे, बाटलीतलं पाणी देते, शुगर उतरते.

दादाने तराजू खाली ठेवला. "काय आहे त्या पाण्यात?"

"ते विचारत नसते भाऊ."

"विचारजो," दादा म्हणाला. "मी विचारलं नाही. माही पोरगी गेली."

त्या माणसाने हातातली वांगी खाली ठेवली. मग त्याने खिशातून फोन काढला आणि घरी लावला.